‘माणसं मिळत नाहीत’ म्हणता? मग कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेचं दार एकदा वाजवा



बॅच कुठलीही असो, पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारतोच: धंद्यात सगळ्यात मोठी अडचण कोणती? भांडवल, जागा, जीएसटी अशी उत्तरं येतील असं वाटतं ना? पण निम्मा वर्ग एका सुरात म्हणतो, "सर, माणसं मिळत नाहीत. मिळाली तर टिकत नाहीत."

बिबवेवाडीतल्या माझ्या दुकानात खोकी, टेप, बबल रॅप, कुरिअरच्या बॅगा असं पॅकिंगचं सामान मिळतं. मार्केट यार्ड जवळ असल्यामुळे सकाळपासून गडबड असते. या आठवड्याच्या व्हिडिओत पॅकिंगच्या टेबलावर जो मुलगा झरझर खोकी बांधताना दिसतो, त्याच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. तो कर्णबधिर आहे आणि लहानपणापासून निवासी शाळेत शिकलाय. अशा मुलांची शाळा कशी असते, तिथून बाहेर पडल्यावर त्यांचं काय होतं आणि आपल्यासारखा छोटा दुकानदार यात कुठे बसतो, हे दहा मिनिटांच्या व्हिडिओत मावलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी ही शाळा समजून घ्या

महाराष्ट्रात कर्णबधिर मुलांच्या विशेष शाळा आहेत. बऱ्याचशा शाळा संस्था चालवतात आणि शासन अनुदान देतं. त्यातल्या अनुदानित निवासी शाळांत मुलाचं शिक्षण, राहणं, जेवण हे सगळं मोफत असतं. या शाळा नेहमीच्या शिक्षण खात्याकडे नाहीत. आधी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने वेगळा दिव्यांग कल्याण विभाग काढला, तेव्हापासून त्या तिकडे आहेत. आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे.

इथे शिकवायला विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीही लागते. वर्गात मुलं कमी असतात. शिक्षकांच्या जोडीला वसतिगृहाचे अधीक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकी असा कर्मचारीवर्ग असतो. अनेक शाळांत शिवण, चित्रकला, सुतारकाम असं हाताचं कामही शिकवतात.

कायदाही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांगतो की ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची नेहमीची असो की विशेष, निवड त्याची. म्हणजे या शाळेत मूल येतं ते हक्काने. कोणी उपकार करत नाही.

घर असताना वसतिगृह कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता. माणूस शोधत मी पुणे जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत गेलो, तेव्हा तिथल्या बाईंना तोच विचारला. त्या म्हणाल्या, "गावात असं मूल एखादंच असतं. त्या एकासाठी गावात शिक्षक कुठून आणायचा? आणि त्याच्याशी बोलणार कोण?"

बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. घरात सांकेतिक भाषा कोणालाच येत नाही. खाणं, पिणं, झोपणं एवढ्या चार खुणांवर पाच-सहा वर्षं निघतात. मग मूल शाळेत येतं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखीच शंभर मुलं बघतं. गप्पा मारणारी, भांडणारी, एकमेकांच्या खोड्या काढणारी, आणि सगळं हातांनी! बाई सांगत होत्या, "पहिले आठ दिवस रडतात. मग सुट्टीत घरी जायला तयार नसतात."

मी गेलो तेव्हा तिथे पालकांची भेट होती. एक आई बाईंना विचारत होती, "पोट दुखतंय का, हे कसं विचारायचं?" मूल सात वर्षांचं. सात वर्षं त्या माउलीला हा एक प्रश्न लेकराला विचारता आला नव्हता. मित्रांनो, भाषा नसणं म्हणजे काय, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

हातांची भाषा आणि शंभर वर्षांचा खोळंबा

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा संबंध तुमच्या काउंटरशी आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने बधिर मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली आणि खुणांच्या आधारे शिकवलं. १७९१ मध्ये ती सरकारी शाळा झाली. अमेरिकेत १८१७ मध्ये हार्टफर्डला अशी शाळा निघाली आणि १८६४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये चक्क बधिरांचं महाविद्यालय. तेच आजचं गॅलॉडेट विद्यापीठ. आपल्याकडे देशातली पहिली शाळा मुंबईत निघाली. १८८० च्या दशकात, बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने. कोलकात्याची शाळा १८९३ ची.

पण मधेच एक घोळ झाला. १८८० मध्ये इटलीत मिलान शहरात बधिर-शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ठराव झाला की खुणा बंद, मुलांना फक्त बोलायला शिकवायचं. पुढे जगभर अनेक शाळांत हात वापरणं ही चूक ठरली. मुलांची वर्षानुवर्षं एकेक अक्षर उच्चारण्यात गेली, आणि गणित, विज्ञान, व्यवहार मागे पडला. तो ठराव चुकीचा होता हे त्याच परिषदेच्या मंचावरून अधिकृतपणे मान्य झालं ते २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. मोजा वर्षं: १३०.

आता चित्र बदलतंय. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. तो व्हिडिओच्या रूपात आहे, कोणीही फुकट बघू शकतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण या विषयात काम करते.

मराठी कच्चं, डोकं पक्कं

आमच्या पॅकिंगवाल्या मुलाचा पहिला रजेचा मेसेज असा होता: "उद्या मी गाव जाणे काम येणे नाही." दुकानातले दोघं हसले. मी त्यांना थांबवलं.

भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे. "तुझं नाव काय आहे?" हे त्यात साधारण "तू नाव काय" असं होतं. ‘आहे’ नाही, प्रत्यय नाहीत, प्रश्नाचा शब्द शेवटी. या मुलांची पहिली भाषा ती. मराठी ही त्यांची दुसरी भाषा, आणि तीही कधी कानावर न पडलेली. तुम्ही आयुष्यात कधीही न ऐकलेली जपानी भाषा पुस्तकातून शिकून रजेचा अर्ज लिहा, मग बघू किती जमतं.

हाच मुलगा ‘सात बाय पाच बाय तीन, थ्री प्लाय’ हे लेबल बघून नेमकं खोकं काढतो. स्टॉकच्या वहीत आकडा चुकला तर आधी तोच बोट ठेवतो. म्हणून मुलाखतीत अर्जावरचं मराठी बघून माणूस नाकारू नका. त्याच्या हातात काम द्या आणि बघा.

शाळा संपली, पुढे काय?

आता मुद्द्याचं.

निवासी शाळा मुलाला भाषा देते, मित्र देते, शिस्त देते, थोडंफार हाताचं काम देते. मग वय वाढतं, शेवटची इयत्ता संपते आणि वसतिगृह सोडावं लागतं. काही जण पुढे शिकतात. आयटीआयला जातात, सरकारी नोकरीची तयारी करतात. केंद्र सरकारी भरतीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत, त्यातली १ टक्का कर्णबधिरांसाठी. पण अशा जागा किती आणि मुलं किती! बाकीची मुलं गावी परत जातात, जिथे त्यांच्या भाषेत बोलणारं कोणीच नाही. दहा-बारा वर्षं शाळेने जे कमावून दिलं, ते घराच्या ओट्यावर बसून हळूहळू गंजतं.

२०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून जास्त व्यक्ती नोंदल्या गेल्या. एवढ्यांना मोठ्या कंपन्या पुऱ्या पडणार नाहीत. पण छोटी दुकानं, बेकऱ्या, प्रिंटिंग प्रेस, टेलरिंग युनिट, क्लाउड किचन, पॅकिंगची कामं गल्लोगल्ली आहेत. शाळेने रस्त्याचा एक टप्पा बांधला. पुढचा टप्पा आपण आहोत.

मुंबईचं एक उदाहरण

"सर, ऐकायला छान आहे, पण धंदा होतो का?" असं विचाराल. तर मिरॅकल कुरिअर्स हे नाव लक्षात ठेवा. ध्रुव लाक्रा या तरुणाने ऑक्सफर्डला शिकून आल्यावर मुंबईत ही कुरिअर कंपनी काढली, २००९ च्या आसपास. मुंबईच्या बसमध्ये त्यांना एक मुलगा भेदरून इकडेतिकडे बघताना दिसला. बोलायला गेल्यावर कळलं, त्याला ऐकू येत नाही आणि पुढचा स्टॉप कोणता ते समजत नाहीये. तिथून ही कल्पना सुचली.

त्यांनी कर्णबधिर तरुणांना डिलिव्हरीला घेतलं आणि कर्णबधिर मुलींना ऑफिसात पार्सलं लावायला. संपर्क एसएमएसवर. आता यातला धंद्याचा विचार बघा. कुरिअरला काय लागतं? पत्ता वाचणं, रस्ते लक्षात ठेवणं, सही घेणं. बोलणं सगळ्यात कमी. म्हणजे त्यांनी आधी काम निवडलं, जिथे न ऐकण्याने काही अडत नाही. आणि ही कंपनी आहे, धर्मादाय संस्था नाही. गिऱ्हाईक पार्सल वेळेवर पोचतं म्हणून पैसे देतं.

हेच सूत्र तुम्ही वापरा. आपल्या धंद्यातली सगळी कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे टिक करा: यात ऐकणं खरंच किती लागतं? माझ्या दुकानात एकूण अकरा कामं निघाली. ऐकण्यावाचून अडेल अशी फक्त दोन: फोनवर ऑर्डर घेणं आणि नव्या गिऱ्हाइकाशी भाव ठरवणं.

काउंटरवर काय बदललं?

शाळेत मी गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी माझीच मुलाखत घेतली. पगार किती? मुलगा राहणार कुठे? आणि तिसरा प्रश्न: "दुकानात त्याच्याशी बोलणार कोण?" म्हणाले, "पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळे देतात. मुलं नोकरी सोडतात ती तिसऱ्यामुळे. दिवसभर कोणी बोललंच नाही तर कोण टिकेल?" एका महिन्यात दुकानातल्या सगळ्यांना पन्नास खुणा यायला हव्यात, ही त्यांची अट. आम्ही ती पाळली. मग हे बदल आपोआप होत गेले:

१. ओरडणं बंद. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त श्रवणऱ्हास असेल तर ती व्यक्ती बधिर, ६० ते ७० असेल तर श्रवणदोष असलेली. ओरडून काही होत नाही, चेहरा मात्र रागावलेला दिसतो. हाक मारायची तर समोरून हात हलवा, खांद्याला हलकेच हात लावा किंवा दिवा एकदा चालू-बंद करा.

२. श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा लावला की स्वच्छ दिसतं. यंत्र आवाज मोठा करतं, त्यात रिक्षाचा हॉर्न आणि पंख्याची घरघरही मोठी होते. यंत्र दिसलं म्हणून "ऐकू येतंय की!" असं धरून चालू नका.

३. ओठ वाचण्यावर विसंबू नका. आरशासमोर आवाज न काढता ‘माप’, ‘बाप’, ‘पाप’ म्हणून बघा. ओठ एकसारखेच हलतात! आकडा, माप आणि पत्ता नेहमी लिहून द्या.

४. सगळी ऑर्डर लेखी. आता ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते किंवा छोट्या चिठ्ठीवर लिहून टेबलावर जाते. खोक्याच्या प्रत्येक मापाला रंगाची पट्टी आणि मोठा नंबर. याचा फायदा ऐकू येणाऱ्या कामगारांनाही झाला. "मी ऐकलं नाही" आणि "मला वाटलं तुम्ही मोठं म्हणालात" हे वाद संपले, चुकीचं पॅकिंग कमी झालं.

५. काम दाखवून शिकवलं. तोंडी दहा सूचना देण्यापेक्षा एकदा करून दाखवलं, मोबाइलवर शूट केलं. तेच व्हिडिओ आता नव्या प्रत्येक माणसाला दाखवतो. ट्रेनिंगचा माझा वेळ वाचला.

६. व्हिडिओ कॉल. गुंतागुंतीचं काही सांगायचं असेल तर आम्ही शाळेतल्या सरांना व्हिडिओ कॉल लावतो. ते दुभाष्याचं काम करतात. शाळा सुटली तरी नातं सुटत नाही.

७. सुरक्षितता. मागून हातगाडी येते, कोणी "बाजूला व्हा" ओरडतं, त्याला कळत नाही. म्हणून टेबल असं लावलं की तोंड दाराकडे राहील. आग लागली किंवा घाईने बाहेर पडायचं असेल तर त्याला कोण सांगणार, तो माणूस ठरलेला आहे.

गिऱ्हाइकांचं काय? काउंटरवर एक पाटी लावली: "आमचे सहकारी कर्णबधिर आहेत. कृपया समोर बघून बोला किंवा लिहून द्या." नेहमीच्या एका मावशींना आता ‘धन्यवाद’ची खूण येते. त्या बाकीच्यांना शिकवतात!

पगार आणि कागद

इथे स्पष्ट बोलतो. "बिचाऱ्याला काम दिलं" म्हणून निम्म्या पगारात राबवणारे लोक मी बघितलेत. हे करू नका. त्याच कामाला दुसऱ्याला जेवढे देता तेवढेच द्या. किमान वेतनाचा कायदा त्यालाही लागू आहे. साप्ताहिक सुट्टी, दिवाळीचा बोनस सगळं सारखं. वय अठरा पूर्ण आहे ना, हे आधी बघा.

उलटही करू नका. उशीर झाला, चूक झाली तर बाकीच्यांना सांगता तसंच त्यालाही सांगा. दया म्हणून चुका पोटात घातल्या तर तो शिकणार नाही आणि बाकीचे कामगार नाराज होतील.

यूडीआयडी कार्ड असल्याची खात्री करा. नसेल तर ऑनलाइन अर्ज करायला मदत करा. जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्राचं काम या पोर्टलवरूनच चालतं. कानांची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. डिलिव्हरीला पाठवायचं असेल तर कर्णबधिर व्यक्तीलाही चाचणी देऊन वाहन चालवण्याचं लायसन्स मिळू शकतं.

आणि एक शब्द बदला. ‘मुका’, ‘मूकबधिर’ म्हणू नका. बहुतेकांचा आवाज ठणठणीत असतो, ऐकू येत नाही म्हणून बोलणं घडत नाही. ‘कर्णबधिर’ म्हणा. त्याहून चांगलं म्हणजे नावाने ओळखा. बधिर समाजात प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. माझं आहे चष्म्याची खूण आणि मग टेप ओढल्याची खूण. असं नाव स्वतः ठेवायचं नसतं, त्यांनी द्यावं लागतं. मला मिळायला चार महिने लागले.

कोणी उद्योजक व्हायचं म्हणत असेल तर?

हे वाचणाऱ्यांत कर्णबधिर मुलांचे आईवडील, भाऊबहीण असतीलच. तुमच्यासाठी: नोकरी हा एकच रस्ता नाही. दिव्यांगांना व्यवसायासाठी सवलतीच्या दरात कर्ज देणारं राष्ट्रीय महामंडळ १९९७ पासून आहे, आणि राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळही आहे. चौकशी करा. शिवण, बेकरी, मोबाइल दुरुस्ती, स्क्रीन प्रिंटिंग, भेटवस्तूंचं पॅकिंग ही कामं हातांची आणि नजरेची आहेत. ऑनलाइन ऑर्डरमध्ये तर गिऱ्हाइकाला तुमचा आवाज लागतच नाही. कॅटलॉग, फोटो, क्यूआर कोड, झालं दुकान सुरू.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. नेहमीसारखा गृहपाठ:

- तुमच्या धंद्यातली सगळी कामं लिहा. ज्यात ऐकणं लागत नाही त्यांना वर्तुळ करा.
- जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा पुण्यातल्या आयुक्तालयात विचारून जवळच्या कर्णबधिर शाळेचा पत्ता घ्या.
- शाळेत फोन करून वेळ ठरवा आणि जा. देणगीचा चेक आणि खाऊचे पुडे घेऊन नव्हे, कामाची यादी घेऊन जा. "माझ्याकडे हे काम आहे, हा पगार आहे, तुमचा कोणी माजी विद्यार्थी तयार आहे का?" असं विचारा.
- जाण्याआधी दहा खुणा शिका: नमस्कार, धन्यवाद, नाव, काम, पाणी, जेवण, हो, नाही, उद्या, पगार.

नोकरी द्यायची ऐपत आज नसेल तर निदान शाळेतल्या मोठ्या मुलांना एक दिवस दुकान दाखवायला बोलवा. बिल कसं होतं, माल कसा येतो, गल्ला कसा जुळवतात, हे त्यांनी बघितलेलं नसतं. वसतिगृहात वाढलेल्या मुलाला बाजार बाहेरूनच माहीत असतो. तुमचा तो एक दिवस त्याच्यासाठी मोठा धडा आहे, आणि कदाचित त्यातूनच तुम्हाला तुमचा माणूस सापडेल.

जाऊन आलात की मला कळवा. तुमच्या वर्तुळात किती कामं आली तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत आमच्या पॅकिंगवाल्या दोस्ताकडून पन्नास दुकानी खुणा शिकूया. तो शिकवणार, मी तुमच्याबरोबर वर्गात बसणार.

भेटूया!